नागिणीचा विळखा आणि झाडपाल्याचा पुरावा

परभणी जिल्ह्यातील पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी कोणाच्या कमरेवर अथवा छातीवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उमटला आणि अंगाची आग होऊ लागली, की घरातील जाणती माणसे रोगाचे नाव सांगून मोकळी होतात. ते नाव म्हणजे नागीण. या नावाबरोबर एक भीतीही केवळ मराठवाड्यातच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांस मिळाले, कमरेभोवती तिचा विळखा पुरा झाला, की रोगी दगावतो, अशी ती समजूत. मग नागीण उतरविणाऱ्याची शोधाशोध सुरू होते. कोणी मंत्र म्हणतो, कोणी गेरूचा लेप देतो, कोणी दूर्वा आणि तांदूळ वाटून लावतो. कोणी आणखी एखादा पाला चुरगळून त्याचा रस लावतो आणि त्या पाल्याचे नाव मात्र सांगत नाही. दोन-तीन आठवड्यांत फोड सुकतात, खपल्या गळतात आणि उतरविणाऱ्याचा लौकिक वाढतो.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहेत. एक, ही सारी अंधश्रद्धा आहे असे म्हणून नाक मुरडण्याची. दुसरी, आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते असे म्हणून ऊर भरून येऊ देण्याची. गेल्या काही वर्षांत या दुसऱ्या पक्षाला नवे बळ मिळाले आहे. शरीरात झोपून राहिलेल्या विषाणूंना पुन्हा जागे होऊ न देण्याचा गुण काही वनस्पतिजन्य द्रव्यांत असावा, असे प्रयोगशाळांतून कळू लागले आहे, आणि त्यांत हळद, किराईत, ज्येष्ठमध अशी आपल्या स्वयंपाकघरातली आणि बटव्यातली नावे आहेत. तेव्हा आता आणखी पुरावा तो कशाला, असा सूर निघतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. हा पाला खरोखर उपयोगी पडतो काय, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्याचे कष्ट न घेतल्याची किंमत नाक मुरडणारा देत नाही आणि ऊर भरून आलेलाही देत नाही. ती देतो तो रोगी.

रोगाचे खरे स्वरूप

नागीण हा बाहेरून येणारा रोग नव्हे. बालपणी कांजिण्या येऊन जातात, त्यांचा विषाणू फोड सुकले तरी शरीर सोडून जात नाही. पाठीच्या कण्यालगत आणि कवटीच्या तळाशी मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात, तेथे तो निपचित पडून राहतो. तीस-चाळीस वर्षेही त्याची काही चाहूल लागत नाही. वाढते वय, दुसरा एखादा आजार किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे यांमुळे शरीराचा पहारा ढिला पडला, की तो जागा होतो आणि ज्या मज्जातंतूच्या गाठीत तो दडलेला असतो, त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. फोडांचा पट्टा उमटतो तो यामुळे, आणि त्याआधी दोन-चार दिवस त्याच जागी ठणका लागतो तोही यामुळेच.

ही गोष्ट ज्याने स्पष्टपणे मांडली, तो कोणा मोठ्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. एडगर होप-सिम्प्सन हा इंग्लंडमधील सायरेनसेस्टर या लहानशा गावात दवाखाना चालविणारा साधा डॉक्टर होता. त्याने सोळा वर्षे आपल्या दवाखान्यातील नागिणीच्या प्रत्येक रोग्याची नोंद ठेवली. रोग्याचे वय काय, फोड कोठे उठले, गावात त्या सुमारास कांजिण्यांची साथ होती की नव्हती, हे तो लिहीत गेला. अशा १९२ रोग्यांच्या नोंदींवरून १९६५ साली त्याने निष्कर्ष काढला की नागीण एकापासून दुसऱ्यास लागत नाही. ती रोग्याच्या स्वतःच्याच शरीरात झोपलेल्या विषाणूची जाग होय. पुढच्या संशोधनाने त्याचे म्हणणे खरे ठरविले. तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालविणाऱ्या माणसाच्या हातून केवळ चिकाटीने ठेवलेल्या वहीच्या बळावर केवढे काम होऊ शकते, याचे हे उदाहरण पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

प्रत्येक उपाय लागू का पडतो?

आता त्या विळख्याच्या भीतीकडे पाहू. विषाणू बहुधा एकाच बाजूच्या एका गाठीत जागा होतो आणि त्या गाठीतून निघणारा मज्जातंतू शरीराच्या त्याच अर्ध्या भागात फिरतो. पाठीच्या कण्यापासून निघालेला पट्टा छातीच्या अथवा पोटाच्या मध्यरेषेशी येऊन थांबतो. म्हणजे नागिणीचे तोंड आणि शेपूट सहसा मिळतच नाहीत, मग मंत्र म्हणा अथवा म्हणू नका. जी गोष्ट शरीररचनेनेच जवळजवळ अशक्य करून ठेवली आहे, ती आपण टाळली असे श्रेय उतरविणाऱ्याला मिळते. तो लबाड असतो असे मुळीच नाही. पुष्कळदा तो पैसाही घेत नाही, आणि आपल्या हाताला गुण आहे असे तो मनोमन मानतो. पण ज्या परीक्षेत नापास होण्याची सोयच नाही, तिच्यात उत्तीर्ण झाल्याने काहीच सिद्ध होत नाही.

पाल्याच्या लेपाचेही तेच. बहुतेक रोग्यांची नागीण दोन ते चार आठवड्यांत आपणहून बरी होते. दहाव्या दिवशी लेप लावला आणि पंधराव्या दिवशी खपल्या धरल्या, तर श्रेय लेपाला जाते. लेप न लावता बरे झालेले लोक कोणी मोजत नाही. आपले लोक अनुभवाची साक्ष काढतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. परंतु जो रोग आपणहून ओसरतो, त्याच्या बाबतीत नुसता अनुभव हा फार दुबळा साक्षीदार होय. लेप लावलेले शंभर आणि न लावलेले शंभर शेजारी-शेजारी ठेवल्याखेरीज त्या साक्षीला मोल येत नाही.

एवढ्यावर भागले असते तर या विषयावर लिहिण्याचे कारण नव्हते. आपणहून बरा होणारा रोग गेरूने बरा झाला असे कोणी मानले तर बिघडले काय, असे विचारता येईल. बिघडते ते असे. विषाणूची वाढ रोखणारी असायक्लोव्हिरसारखी औषधे फोड उठल्यापासून साधारण ७२ तासांच्या आत सुरू केली तरच त्यांचा पुरेपूर लाभ होतो. उतरविणाऱ्याच्या तीन वाऱ्या पुऱ्या होईपर्यंत ते तीन दिवस निघून जातात. म्हाताऱ्या माणसांत फोड सुकल्यावरही त्या जागेचा दाह महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे राहतो. अंगावरचा सदरादेखील सहन होत नाही. नागीण कपाळावर आणि डोळ्याभोवती उठली, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर बुबुळाला धोका असतो आणि त्यावेळी पाल्याचा रस लावीत बसणे म्हणजे दृष्टीचा जुगार खेळणे होय. तरुण माणसाला नागीण झाली, तर त्यामागे एच.आय.व्ही.ची लागण अथवा प्रतिकारशक्ती खचविणारे दुसरे काही कारण नाही ना, हे तपासून पाहावे लागते. ऊसतोडीला गेलेल्या मजुराची नागीण कोणी मंत्राने उतरविली, तर त्या तपासणीची संधीही तिच्याबरोबरच उतरून जाते.

प्रयोगशाळा काय सांगते

असायक्लोव्हिरही सर्वसमर्थ नाही, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते जाग्या झालेल्या विषाणूची वाढ थोपविते. गाठीत झोपलेल्याला ते शिवत नाही. म्हणूनच विषाणूला झोपेतच ठेवील अशा द्रव्याचा शोध जगभर चालला आहे आणि त्यात वनस्पतींकडे शास्त्रज्ञांचे लक्ष जाणे साहजिक आहे.

त्यांना मिळालेल्या गोष्टी उपेक्षणीय नाहीत. नागिणीच्या विषाणूच्या कुळातलाच, ओठांवर वारंवार फोड आणणारा एक विषाणू आहे. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य या विषाणूच्या पहिल्या जनुकांचे काम बंद पाडते, असे २००८ साली अमेरिकेत पेशींवरील प्रयोगांत दिसले. त्याच वर्षी तैवानमधील संशोधकांनी, आपण ज्याला किराईत किंवा कालमेघ म्हणतो त्यातील कडू द्रव्य एपस्टाइन-बार या विषाणूला सुप्तावस्थेतून बाहेर येऊ देत नाही, असे दाखविले. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिक आम्लाचा प्रकार याहून वेगळा. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते याच कुळातील एका कर्ककारक विषाणूची सुप्तावस्थाच मोडते आणि ज्या पेशीत तो दडला आहे तिला मरणाची वाट दाखविते, असे आढळले.

मात्र हे सारे प्रयोग पेशींवर झालेले आहेत, हे विसरता कामा नये. काचेच्या बशीतल्या पेशीला जेवढे कर्क्युमिन मिळते, तेवढे हळदीचे दूध पिऊन रक्तात पोहोचत नाही. आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते आणि शोषलेले झपाट्याने नष्ट होते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात कर्क्युमिनवरील संशोधनाचा परामर्श घेण्यात आला. रोगी आणि वैद्य या दोघांनाही खरे औषध कोणते हे ठाऊक नसताना घेतलेल्या एकाही चाचणीत ते यशस्वी ठरले नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्येष्ठमध बेताने घेतले तर ठीक. अति झाले तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते.

दुसरी एक गोष्ट झाडपाल्याच्या भक्तांनी अवश्य ध्यानात घ्यावी. विषाणूला झोपविणाऱ्या वनस्पती आहेत, तशाच त्याला जागे करणाऱ्याही आहेत. जमालगोट्याच्या तेलातील एक द्रव्य सुप्त एपस्टाइन-बार विषाणूला उठविते, हे १९७८ साली सिद्ध झाले आणि तेव्हापासून प्रयोगशाळांत तो विषाणू जागा करावयाचा असेल तर हेच द्रव्य वापरतात. आपल्याकडे बांधावर कुंपणासाठी लावतात त्या शेराच्या चिकातही याच जातीची द्रव्ये आहेत. प्रशांत महासागरातील सामोआ बेटावर वैदू ज्या ममाला झाडाची साल काविळीवर देत, तिच्यातून निघालेले प्रोस्ट्रॅटिन हे द्रव्य तर एच.आय.व्ही.च्या लपलेल्या विषाणूला बाहेर काढते. दडलेला शत्रू बाहेर आला तर त्याला मारता येईल, अशा आशेने त्याचा अभ्यास झाला. तात्पर्य, झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीतच चुकीचे आहे. ज्याच्यात गुण असू शकतो, त्याच्यात अवगुणही असू शकतो. दोन्हींची परीक्षा सारखीच आवश्यक आहे.

भुईआवळीचा धडा

अशी परीक्षा आपल्या देशात एकदा झाली आहे. यकृतात ठाण मांडून बसणारा ‘हिपॅटायटिस बी’ हा विषाणू. त्याच्यावर भुईआवळीचा उपयोग होतो काय, हे मद्रासमध्ये डॉ. त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यांच्या जोडीला या विषाणूच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे बरूच ब्लुमबर्ग हे होते. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: औषध घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती, तर निरुपयोगी पूड दिलेल्या २३ जणांपैकी फक्त एकाच्या. आनंदाची लाट उसळली. परंतु १९९० साली थायलंडमध्ये तोच प्रयोग केला गेला तेव्हा भुईआवळीचा काहीच प्रभाव दिसला नाही. पुढे अनेक देशांत चाचण्या झाल्या आणि २०११ साली त्या साऱ्यांचा एकत्र विचार करणाऱ्यांना, नुसत्या भुईआवळीने निरुपयोगी गोळीपेक्षा अधिक लाभ होतो असे म्हणण्याजोगा आधार मिळाला नाही.

यात मद्रासच्या संशोधकांना कमीपणा नाही. त्यांनी परंपरेला प्रश्न विचारला आणि आलेले उत्तर जगापुढे तपासणीसाठी ठेवले, हेच शास्त्राचे काम. खेद आहे तो याचा की पहिला निष्कर्ष आपल्या लोकांच्या कानी पडला आणि तेथेच राहिला; पुढचे निष्कर्ष कोणी सांगितले नाहीत. कावीळ उतरविणारे आजही भुईआवळी देतात आणि ‘परदेशातही मान्य झाले आहे’ असे सांगतात.

हळदीच्या पेटंटचा प्रसंगही येथे आठवतो. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ साली रद्द करवून घेतले. तो विजय योग्यच होता. पण आपण सिद्ध केले ते एवढेच की हळदीचा हा उपयोग आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होता. जुनेपणाचा पुरावा हा गुणाचा पुरावा नव्हे. मालकी सांगताना आपण जो आवेश दाखविला, त्याच्या चौथ्या हिश्श्यानेही तो परीक्षेत दाखविलेला नाही.

एका झाडाचे यश

मग सुप्त विषाणूला रोखून धरण्यात एखादी वनस्पती खरोखर यशस्वी झाली आहे काय? झाली आहे, आणि तीही याच नागिणीच्या बाबतीत. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात क्विलाया नावाचे झाड आहे. त्याची साल पाण्यात घुसळली की फेस येतो, म्हणून तेथील मूळ रहिवासी आपल्या रिठ्यासारखा तिचा उपयोग करीत. या सालीतील सॅपोनिन जातीचे एक द्रव्य नागिणीवरील नव्या लशीत घातलेले आहे. ते विषाणूला स्वतः काहीच करीत नाही. शरीराच्या ढिल्या पडलेल्या पहाऱ्याला ते सावध करते आणि मग पहारेकरी विषाणूला डोके वर काढू देत नाहीत. पन्नाशीपुढील १५,४११ लोकांवर १८ देशांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सरासरी तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात लस घेतलेल्यांपैकी सहा जणांना नागीण झाली, न घेतलेल्यांपैकी २१० जणांना. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली शिफारस केलेल्या आर-२१ या हिवतापाच्या लशीतही याच झाडाची सॅपोनिने वापरलेली आहेत.

नागिणीवरील ही लस २०२३ पासून भारतात मिळते. पण तिच्या दोन मात्रांची किंमत पाथरीच्या शेतमजुराने ऐकूनच हात जोडावेत अशी आहे. तेव्हा ‘शास्त्रावर विश्वास ठेवा’ असे त्याला सांगून आपली सुटका होत नाही. उतरविणारा गल्लीत असतो, फुकट असतो आणि दोन शब्द आपुलकीचे बोलतो. त्याच्याकडे लोक जातात ते केवळ अज्ञानाने नव्हे. म्हणूनच केवळ कायद्याचा बडगा येथे कामाचा नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुत्रा, साप अथवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. त्या यादीत सापाचे नाव आहे, नागिणीचे नाही. ते घातले तरी रोगी वेळेवर दवाखान्यात पोहोचेलच असे नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट तातडीची आणि स्वस्त आहे. असायक्लोव्हिरच्या गोळ्या फार महाग नाहीत. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर सदैव शिल्लक राहतील हे पाहावे आणि ‘नागीण उठली की तीन दिवसांच्या आत, डोळ्याजवळ उठली तर त्याच दिवशी दवाखाना’ हे एक वाक्य आशा कार्यकर्त्यांच्या तोंडी घालावे. त्यासाठी उतरविणाऱ्यांचीच मदत घ्यावी. तुमचा लेप तुम्ही लावा, पण रोग्याला आधी दवाखान्याकडे धाडा, असे त्यांना विनवून सांगितले तर अनेक जण ऐकतील. लेप स्वच्छ असावा आणि फुटलेल्या फोडांवर चीक अथवा शेण लावू नये, एवढे पथ्य त्यांच्याकडून पाळून घेता आले तरी पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट दीर्घ पल्ल्याची. लेपात गुण आहे की नाही याची चाचणी मराठवाड्यातच व्हावी. परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठीच काढलेले जुने महाविद्यालय आहे. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. आणि वनस्पती नेमकी कोणती हे ओळखून ती वाढविण्यासाठी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. रोग्यांपैकी कोणालाही नेहमीच्या औषधापासून वंचित ठेवू नये. सर्वांना असायक्लोव्हिर द्यावे. निम्म्यांना पाल्याचा लेप आणि निम्म्यांना तसाच दिसणारा, पण पाला नसलेला लेप द्यावा. खपल्या किती दिवसांत धरल्या आणि तीन महिन्यांनी दाह किती उरला, हे लिहून ठेवावे. देशाच्या चाचणी-नोंदवहीत आधी नोंद करावी, म्हणजे नको ते उत्तर आले तर दडवता येणार नाही. ज्याच्याकडून पाल्याचे नाव कळले, त्याचा वाटा २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे आधी ठरवावा. सामोआच्या सरकारने ममालाच्या बाबतीत २००१ साली असा करार केला आणि होणाऱ्या नफ्यातील २० टक्के हिस्सा आपल्या लोकांसाठी राखला. तेथून बाजारात औषध आलेले नाही. पण वैदूंनी आपले गुपित सांगितले, कारण त्यांचा मान राखला गेला होता.

आणि एवढा खटाटोप होईपर्यंत निदान वही तरी ठेवता येईल. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नागिणीच्या प्रत्येक रोग्याचे वय, फोड उठल्याचा दिवस, दवाखान्यात येण्यापूर्वी केलेले उपाय आणि पुढची हकीकत लिहून ठेवण्यास खर्च शाईचाच आहे. सायरेनसेस्टरच्या डॉक्टराजवळ याहून अधिक काही नव्हते. त्या नोंदींवरून पाल्याचा गुण सिद्ध होणार नाही. पण लोक किती दिवस उशिरा येतात आणि त्या उशिरापायी काय गमावतात, हे जिल्ह्याला प्रथमच आकड्यांत कळेल.

चाचणीचे उत्तर काय येईल, हे आधी सांगता येत नाही. पाल्यात काही नाही असे ठरले, तर लोकांचे तीन मोलाचे दिवस वाचतील. काही आहे असे ठरले, तर बांधावर उगवणारे एक औषध गरिबाच्या हाती येईल. दोहोंपैकी कोणतेही उत्तर आजच्या स्थितीपेक्षा बरे आहे, कारण आज उत्तरच नाही आणि तरीही रोज कोणाच्या तरी अंगावर लेप चढतो आहे.